पाच दिवसांचे लंडन आणि सासूबाईंची टोंक



गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे लंडनला जाऊन आलो. तेव्हापासून मंदिरात भेटणारी प्रत्येकजण विचारते, "पाच दिवसांत काय काय पाहिलंत?" खरे सांगायचे तर फार थोडे पाहिले. पण जे पाहायचेच होते, ते पाहिले. ते कसे ठरवले हे आज लिहिते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी मुलांच्या आग्रहाने पहिल्यांदाच परदेशी निघण्याच्या तयारीत आहेत.

तिकिटे काढल्यावर पुतण्याने मोबाईलवर यादी पाठवली. पाच दिवस, एकतीस ठिकाणे. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली, अगदी "फोटो : १५ मिनिटे" इथपर्यंत. बिचाऱ्याने प्रेमाने केले होते. पण ती यादी वाचताना मला सासूबाई आठवल्या.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर शिखरजीला गेलो होतो. शिखरजी, पावापुरी, राजगीर, चंपापुरी, आणखी बरेच काही. अकरा दिवसांत जितकी तीर्थे बसतील तितकी बसवलेली. मधुबनला पोहोचलो तेच मध्यरात्री. पहाटे तीनला पहाड चढायला सुरुवात. चढण, वरची परिक्रमा आणि उतरण मिळून २७ किलोमीटर. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. "डोली नको, पायीच जाईन," म्हणाल्या. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी, त्यामुळे प्रत्येक टोंकेपाशी थांबून, हात जोडून, सावकाश चालत होत्या. दुपार झाली. चारला बस सुटणार, असे व्यवस्थापकाने बजावले होते. पार्श्वनाथांची टोंक सर्वांत उंच आणि सर्वांत शेवटी. ती समोर दिसत असताना आम्ही त्यांना मागे फिरवले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बसमध्ये बसल्यावर फक्त एवढेच विचारले, "परत कधी येणं होईल?"

ते झाले नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. आमच्या हिशेबात सात तीर्थे जमा झाली, आणि ज्या एकासाठी त्या घरातून निघाल्या होत्या ते राहून गेले. निघण्याआधी आम्ही कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

म्हणून पुतण्याची यादी बाजूला ठेवली आणि यांना विचारले, "अहो, लंडनमध्ये एकच गोष्ट बघायची झाली, तर काय बघाल?"

यांचे तपकीर गल्लीजवळ विजेच्या सामानाचे दुकान. चाळीस वर्षे वायर मोजून दिली, मोटारी विकल्या. फार बोलणारे नव्हेत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "फॅरेडेची ती रिंग कुठे ठेवलीय, बघ बरं."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितले. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये लोखंडाच्या कड्याला दोन बाजूंनी तारेचे वेढे दिले. एका वेढ्यातली वीज चालू-बंद केली की दुसऱ्या वेढ्याला जोडलेली सुई हलायची. आजचा ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वावर चालतो. ते कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, अल्बेमार्ल स्ट्रीटवर ठेवले आहे. एकतीस ठिकाणांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. बेचाळीस वर्षांच्या संसारात मलाही ही इच्छा ठाऊक नव्हती.

माझे ठिकाण ठरलेले होते : पॉटर्स बारचे ओसवाल समाजाचे शिखरबंद मंदिर. पूर्व आफ्रिकेतून विलायतेला गेलेल्या आपल्या लोकांनी ते उभारले. ही दोन ठिकाणे आधी तारखांवर टाकली. फॅरेडेचे संग्रहालय कामाच्या दिवशी उघडे असते, म्हणून त्याची तारीख सर्वांत आधी. बाकीचे सगळे उरल्या जागेत.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे पुढचे काम हिशेबाचे. सात दिवस हा झाला ढोबळ नफा. पुण्याहून मुंबईचा विमानतळ चार तास, तिथे तीन तास, विमान दहा तास, उतरल्यावर तपासणी आणि हॉटेल गाठणे दोन-तीन तास. म्हणजे वीस तास. जाण्याचा आणि येण्याचा दिवस वजा केला की उरले पाच. त्यातून गुडघ्यांचा घसारा वजा करायचा. साठीनंतर सकाळचे तीन तास आणि दुपारच्या विश्रांतीनंतरचे दोन, एवढाच निव्वळ नफा.

नकाशावर सगळे जवळ दिसते. एकदा एक परदेशी पाहुणी एका दिवसासाठी आमच्याकडे आली होती. शनिवारवाडा, कसबा गणपती, दगडूशेठ, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई, केळकर संग्रहालय अशी तिची यादी. सगळे आमच्या बुधवारातल्या घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत. संध्याकाळपर्यंत तिची तीन ठिकाणे झाली. चालण्यापेक्षा थांबण्याला, पाणी पिण्याला, रस्ता ओलांडण्याला वेळ लागतो. आपल्या पेठेत हे कळते, मग लंडनमध्ये का विसरावे?

इथे मला आपले देशव्रत उपयोगी पडले. दिग्व्रतात आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा घालतो, देशव्रतात ठरावीक काळासाठी ती आणखी आवळतो : आज अमक्या सीमेबाहेर जाणार नाही. सहलीचा बेत व्रत नव्हे, हे मला कळते. पण रीत तीच धरली. एका दिवशी एकच दिशा.

पहिला दिवस साउथ केन्सिंग्टन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला तिकीट नाही, तिथे आपल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. दुसरा दिवस नदीचा : वेस्टमिन्स्टरला पार्लमेंट पाहून होडीने ग्रिनिच. बसून शहर दिसते. टॉवर नदीतूनच पाहायचा. आत कोहिनूर आहे, पण तिकीट भारी आणि आत चालणेही पुष्कळ, म्हणून सोडला. तिसरा दिवस उत्तरेचा : किंग्ज क्रॉसहून रेल्वेने पॉटर्स बार, परतताना किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहात. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतले. चौथा दिवस फॅरेडेचा. पाचवा मुद्दाम कोरा.

महिना सूर्याकडे पाहून निवडला. डिसेंबरात तिथे चारच्या आधी सूर्य मावळतो, रात्रीभोजनाचा त्याग असलेल्याने जेवायचे कधी? मे महिन्याच्या मध्यावर सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो, चातुर्मासही लागलेला नसतो. मात्र उजेड आहे म्हणून संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नका. तिथले आठ म्हणजे पुण्यातले साडेबारा. डोळे मिटतात. उलट पहाटे तीनला जाग येते. ती वेळ आम्ही सामायिकाला दिली. इतके निवांत सामायिक घरी होत नाही.

खाण्याचे म्हणाल, तर दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. पेढे, तूप घरीच ठेवा. दशम्या दुधात भिजवतो, म्हणून शंका नको म्हणून त्याही नेल्या नाहीत. पाण्यात भिजवलेल्या मेथीच्या पुऱ्या, खाकरे, भाजके पोहे नेले. भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, पुष्कळ जुन्या स्टेशनांत लिफ्ट नाही. आम्ही बसनेच फिरलो.

प्रत्यक्षात काय झाले? दुसऱ्या दिवशी यांचा गुडघा सुजला आणि ग्रिनिच राहिले. कोऱ्या दिवशी जाऊ म्हटले, तर तेव्हा पाऊस. राहिले ते राहिले. मंदिरात मात्र पूजा शांतपणे झाली, घड्याळ पाहावे लागले नाही.

चौथ्या दिवशी अल्बेमार्ल स्ट्रीट. हे त्या कपाटासमोर काचेला नाक लावून अर्धा तास उभे. मला म्हणाले, "तेव्हा पीव्हीसी कुठलं? कापड आणि सुतळी गुंडाळून इन्सुलेशन केलंय बघ." चाळीस वर्षे दुकानात पाहिला नव्हता असा चेहरा. बाहेर येऊन थोडे चाललो, मग एका बाकावर बसलो. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला विचारायला हवं होतं गं."

मी काही बोलले नाही.

येत्या फाल्गुनात आम्ही शिखरजीला जायचे ठरवले आहे. मधुबनात चार दिवस मुक्काम. यादीत ठिकाण एकच.

जय जिनेंद्र.