टहोका

सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आम्हां शिक्षकांच्या हातात खडूऐवजी थर्मल गन आणि ऑक्सिमीटर आले. वाट्याला मोमिनपुऱ्याच्या गल्ल्या. निम्मी पोरे आमच्याच उर्दू शाळेतली, त्यामुळे दारे उघडत. माणसे मात्र उघडत नसत.

"खाला, ताप, खोकला?"

"अल्लाह का शुक्र है, कुछ नहीं." आणि त्याच वेळी पडद्यामागे कुणीतरी खोकला दाबायचे.

आम्ही चिडायचो. बी.एड. झालेल्या माणसाला वाटतेच, की समजावून सांगितले म्हणजे समजते. पण लोकांच्या डोळ्यांपुढे एप्रिल होता. सतरंजीपुऱ्यातल्या मृत्यूनंतर तिथल्या शेकडो जणांना विलगीकरण केंद्रांत नेले होते. मोमिनपुराही सील झाला होता. त्यात मरकजच्या बातम्यांनी साऱ्या बिरादरीकडेच बोट दाखवले होते. रोजंदारीवर जगणाऱ्याला खरे बोलायचे तर दोन आठवड्यांची कमाई जाणार, मोहल्ल्यात नाव होणार. खोटे बोलले तर कदाचित काहीच होणार नाही.

एका घरी म्हातारे चाचा खाटेवर होते. ऑक्सिमीटरवर 89 आले. सुनेने हात जोडले. घरात कमावता एकटा तिचा नवरा, त्यालाही उचलून नेतील म्हणाली. आम्ही रकान्यात 96 लिहिले. पाचव्या दिवशी चाचा गेले.

हे आजवर कुठे लिहिले नाही.

पुढे कधीतरी थेलर आणि सन्स्टीन यांच्या 2008 सालच्या 'नज' या पुस्तकाबद्दल वाचले. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस हिशेबी यंत्र नाही. उद्याच्या फायद्यापेक्षा आजचे नुकसान त्याला मोठे दिसते, शेजारी करतो ते तो करतो. म्हणून सक्ती न करता योग्य वाट सोपी करून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. नज म्हणजे कोपराने हलकेच ढोसणे. मराठीत 'कोपरखळी' म्हटले की टोमणा होतो; आमच्या उर्दूतला 'टहोका' जास्त जवळचा.

वाचून पटले, आणि रागही आला. चाचांच्या घराला टहोका कशाला हवा होता? चौदा दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली असती, तर सून स्वतःच खरे बोलली असती. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घरांत शिरले, तेव्हाही लोकांनी रोगीच लपवले होते. भीतीपुढे चतुराई किती चालणार?

तरी 2021 मध्ये लसीकरण आले तेव्हा आम्ही टहोका देऊन पाहिला. शिबिर आमच्याच शाळेत भरवायला लावले. भाषणे बंद केली. चिठ्ठीवर नाव आणि वेळ लिहून घरोघरी दिली, जुमा सोडून. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बाही वर करून आम्हीच बसलो. पोरांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. ज्या बायका एकेकट्या येत नव्हत्या, त्या चार-पाच मिळून येऊ लागल्या. सगळे आले नाहीत. बरेच आले.

तिसऱ्या दिवशी चाचांची सून रांगेत दिसली. आम्ही रजिस्टर पुढे ओढले. वय विचारले, तिने सांगितले. मग ती वाकून आमच्या पेनकडे पाहत राहिली, पूर्ण लिहून होईपर्यंत.