बाहेरगावचे दगड

विंडोज एक्सपी आठवतंय? त्यातल्या वॉलपेपरच्या यादीत 'स्टोनहेंज' नावाचा एक फोटो होता. शाळेत असताना बाबांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी तो हमखास लावायचे. ते आहे कुठे, बांधलं कोणी, काही पत्ता नव्हता. दगड भारी दिसतात, बस्स! त्यामुळे २०२२ साली जर्नलिझमच्या मास्टर्ससाठी वेल्सची राजधानी कार्डिफ गाठली, तेव्हा 'बघायचंच' या यादीत स्टोनहेंजचा पहिला नंबर लागला. प्रत्यक्ष जायला मात्र पुढच्या वर्षीचा मे उजाडला. असाइनमेंट्स, कॅफेतल्या शिफ्ट्स आणि प्रत्येक पाउंडाला शंभराने गुणून बघायची सवय. फिरणार कधी?

कार्डिफहून सॉल्सबरीला थेट ट्रेन आहे, साधारण दोन तासांची. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यातून वेल्स सोडून इंग्लंडात शिरायचं, मग ब्रिस्टल, बाथ करत पुढे. आम्ही तिघं होतो. लागोसची एक, तैपेईचा एक आणि डोंबिवलीची मी. बाथ यायच्या आत माझ्या मोबाइलवर मेल आला. जिथे इंटरव्ह्यू छान झाला होता, तिथून नकार. 'आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही.' कोर्स सप्टेंबरमध्ये संपणार होता. नंतर दोन वर्षं राहायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळणार होता, पण त्याची फी वेगळी आणि घरी एज्युकेशन लोनचा हप्ता वेगळा. थांबायचं की बॅग भरायची? डोक्यात तेच घेऊन मी सॉल्सबरीला उतरले.

स्टेशनवरून बसने व्हिजिटर सेंटर. तिथून दगड जवळजवळ अडीच किलोमीटर लांब. शटल बस असते, आम्ही चालत गेलो. खरं सांगू? लांबून पहिली रिअ‍ॅक्शन होती, 'एवढंच?' हिरवं माळरान, मेंढ्या आणि शेजारच्या ए-३०३ हायवेवरून पळणारे ट्रक. जवळ गेल्यावर मात्र बोलती बंद. मोठे दगड 'सारसेन' जातीचे, सरासरी २५ टनांचे. इसवी सनापूर्वी २५००च्या सुमारास, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी, माणसांनी ते ओढत आणून उभे केले. आणि नुसते एकमेकांवर ठेवलेले नाहीत! उभ्या दगडाच्या डोक्यावर उंचवटा, आडव्याच्या पोटात खड्डा. सुतार लाकूड जोडतो तसे ते एकमेकांत बसवलेत. आत शिरता येत नाही, दोरीबाहेरून गोल चक्कर मारायची.

चक्कर मारताना मला पकडलं ते मोठ्या दगडांनी नाही, त्यांच्या पायाशी असलेल्या छोट्यांनी. त्यांना ब्लूस्टोन म्हणतात, वजन दोन ते पाच टन. ते पश्चिम वेल्समधल्या प्रेसेली डोंगरांतून आलेत, हे हर्बर्ट थॉमस या भूवैज्ञानिकाने १९२३ सालीच दाखवून दिलं होतं. म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास! सकाळी आम्हीही वेल्समधूनच निघालो होतो. 'हे तर आपलेच गाववाले,' तैपेईवाला म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा मला हसू आलं.

सेंटरजवळ त्या काळातल्या घरांच्या प्रतिकृती आहेत. गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती, मधोमध चूल. थेट आजीचं कोकणातलं जुनं घर! फरक इतकाच की इथे मातीऐवजी चुनखडीचा गिलावा. अशी मूळ घरं तीनेक किलोमीटरवरच्या ड्युरिंग्टन वॉल्स इथे सापडली. तिथे हिवाळ्यात मोठ्या पंगती उठत. ड्युरिंग्टन वॉल्स आणि आसपासच्या जागांवर सापडलेल्या डुकरांच्या हाडांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली काही डुकरं पार स्कॉटलंडमध्ये वाढलेली निघाली. देशभरातून माणसं आपापलं जेवण घेऊन हजर. आपल्या ऑफिसातल्या पॉटलकसारखंच, फक्त प्रवास काही आठवड्यांचा!

ट्रेनला वेळ होता म्हणून शेवटी सॉल्सबरी म्युझियममध्ये गेलो. तिथे 'एम्सबरी आर्चर'चा सांगाडा आहे. स्टोनहेंजपासून पाचेक किलोमीटरवर २००२ साली सापडलेला हा माणूस इसवी सनापूर्वी २३००च्या आसपासचा. दातांच्या तपासणीवरून तो आल्प्सच्या बाजूला वाढल्याचं कळलं. एक गुडघा निकामी, म्हणजे लंगडतच चालत असणार. तरी इतक्या लांब आला आणि त्याला पुरलं ते सोन्याचे दागिने, बाण, भांडी अशा जवळपास शंभर वस्तूंसह. काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. वर्षभर मला एकच प्रश्न विचारला जात होता, 'पण तू मूळची कुठली?' विचारणारे बहुतेक वेळा चांगलेच असायचे. तरी दर वेळी वाटायचं, आपण इथे पाहुणे आहोत आणि उठायची वेळ झाली. इथे मात्र इंग्लंडचं पोस्टकार्ड म्हणून जे जगभर विकलं जातं, त्यातले दगड बाहेरचे, पंगतीतली डुकरं बाहेरची आणि शेजारचा सगळ्यात थाटात पुरलेला माणूसही बाहेरचाच!

नोकरीचा प्रश्न त्याने सुटला नाही. पण परतीच्या ट्रेनमध्ये मी हिशोब मांडला आणि व्हिसाला अर्ज करायचं ठरवलं. मग एका छोट्या प्रॉडक्शन कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं. २०२५ मध्ये परत आले ते माझ्या मर्जीने, नकाराच्या मेलमुळे नाही.

मी तिथेच असताना, ऑगस्ट २०२४ मध्ये, एक बातमी आली. स्टोनहेंजच्या मधोमध सहा टनांचा 'ऑल्टर स्टोन' पडलेला आहे. तोही वेल्सचाच, असं शंभर वर्षं समजत होते. तो निघाला ईशान्य स्कॉटलंडचा, तब्बल ७५० किलोमीटरवरचा! हे शोधणाऱ्या टीमचा म्होरक्या अँथनी क्लार्क तेव्हा पीएचडी करत होता ऑस्ट्रेलियात, पर्थला. आणि वाढलेला कुठे? वेल्समधल्या त्याच प्रेसेली डोंगरांत.

मी लगेच बातमी आमच्या तिघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. लागोसवालीचं उत्तर मिनिटभरात आलं, 'घरचे त्यालाही विचारत असतील, परत कधी येतोयस?'