तळटीप हा हक्काचा प्रश्न आहे

7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, हे आपण कशाच्या जोरावर सांगतो? शाळेच्या रजिस्टरमधील नोंदीच्या जोरावर. त्या नोंदीमुळेच 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद नसती तर आठवण उरली असती, पुरावा उरला नसता.

सातारा-सांगलीकडच्या एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे प्रबंध आम्ही विहारात एकत्र बसून वाचतो. त्यांत ‘बाबासाहेब म्हणतात’ असे येते, पण पुढे खंड नाही, पान नाही, साल नाही. वाघिणीच्या दुधाचे वाक्य फ्लेक्सवरून थेट प्रबंधात उतरते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ तर सर्वांना पाठ आहे. मात्र जुलै 1942 च्या नागपूर येथील इंग्रजी भाषणात क्रम आहे एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. म्हणजे चेतवणे आधी, संघटन नंतर. क्रम बदलला की कार्यक्रमच बदलतो. शासनाने 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, ते कपाटात पूजेला ठेवण्यासाठी नव्हे.

बाबासाहेबांची स्वतःची रीत काय होती? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या नावानिशी मांडल्या आणि मग त्यांतील उणिवा दाखवल्या. केतकरांच्या अभ्यासू दृष्टीची दखलही घेतली. विरोधकाचे म्हणणे नीट नोंदवल्याशिवाय ते खोडता येत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, संदर्भ-बिंदर्भ ही विद्यापीठवाल्यांची चौकट. आपले ज्ञान मौखिक आहे. आम्हाला हे पटत नाही. उलट मौखिक ज्ञानच सर्वात आधी लुटले जाते. जत-आटपाडीकडच्या वस्त्यांवर आम्ही वर्षभर मुलाखती घेतल्या. त्या एका अभ्यासकाने नेल्या आणि आपल्या पुस्तकात वापरल्या. बोलणाऱ्या बाया ‘एक दलित महिला’ झाल्या आणि आमच्या मुलींचे कष्ट ‘क्षेत्रीय निरीक्षण’ झाले. आभाराच्या पानावरही नाव नाही. श्रम आपले आणि नाव दुसऱ्याचे, ही जुनीच व्यवस्था नव्या कागदावर आली. म्हणून मुलाखतीचीही नोंद हवी: कोण, कुठे, कधी. नाव द्यायचे की नाही, हे सांगणाऱ्या व्यक्तीने ठरवावे.

याच सांगली जिल्ह्यात, कासेगावात, गेल ऑम्व्हेट यांनी आयुष्य काढले. त्यांचा 1973 चा बर्कलेचा प्रबंध ब्राह्मणेतर चळवळीवर आहे. सत्यशोधकांचे मराठी लेखन त्यांनी पुरावा म्हणून जगापुढे ठेवले. ज्यांना इतिहासात जागा नव्हती, ते तळटिपेत आले आणि तिथून अभ्यासक्रमात गेले.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि 60 टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. पण सॉफ्टवेअर शब्द मोजते. शब्द फिरवून उचललेला विचार किंवा कुणाचे गाळलेले नाव त्याला दिसत नाही. ते आपणच पाहायचे आहे.

तेव्हा मित्रहो, पुढचा लेख लिहाल तेव्हा खंड उघडा, पान लिहा. आणि तुमचे काम कुणी बेनामी वापरले, तर गप्प बसू नका.

जय भीम!