कापसाची वाट आणि बंदराचा धूर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाही. पैनगंगा, पूर्णा, नळगंगा या नद्या आणि लोणारचे खारे सरोवर, एवढाच काय तो आमचा जलविस्तार. तेव्हा खामगावच्या मनुष्याने बंदराच्या धुराविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु गेल्या हिवाळ्यात मुंबईस आठ दिवस राहण्याचा योग आला आणि हा विषय आपल्या घरचाच आहे, असे मला कळून आले.

खामगावच्या कापसाच्या बाजाराची ख्याती जुनी आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरास सुलभपणे पोहोचावा म्हणून खामगाव ते जलंब असा सुमारे ८ मैलांचा लोहमार्ग घातला गेला आणि १८७० साली तो व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. लहानपणी जिनाच्या आवारात रुईच्या गाठी दाबताना आम्ही तासन् तास पाहत उभे राहत असू. या गाठी पुढे कोठे जातात, असे विचारले तर वडील ‘मुंबईस’ एवढेच उत्तर देत. त्यापुढे विचारण्याचे कारण आम्हास कधी पडले नाही.

पुतण्याचे बिऱ्हाड बंदराच्या बाजूस आहे. हार्बर मार्गाच्या गाडीतून उतरलो आणि स्थानकाची पाटी वाचून थबकलो : ‘कॉटन ग्रीन’. मुंबईचा कापूसबाजार पूर्वी कुलाब्यास भरत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो शिवडीजवळच्या या भागात आला आणि नावही आपल्याबरोबर घेऊन आला. म्हणजे वडिलांच्या त्या ‘मुंबईस’ शब्दाचा अर्थ मला साठी उलटल्यावर पाटीवर वाचावयास मिळाला!

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीप्रमाणे उठून मी पूर्वेकडील खिडकी उघडावयास गेलो, तो सूनबाई लगबगीने म्हणाल्या, “काका, ती नका उघडू. पहाटेचा वारा गोदीकडून येतो, आणि धाकट्याला खोकल्याची उबळ येते.” त्यांनी ओल्या फडक्याने खिडकीची चौकट पुसली, तर फडके काळे झाले. हे रोजचेच काम आहे, असे त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र ओशाळलो. पहाटेची हवा आरोग्यास हितकर, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हे मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतलेले! वैद्यकीय सल्ला घेतला होता. परंतु खोकल्याचे एकच कारण दाखविता येत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. तेही खरेच. एवढ्या अफाट नगरीत ही काजळी रस्त्याची किती, कारखान्याची किती आणि जहाजाची किती, हे फडक्यावरून कसे ठरविणार?

सायंकाळी पुतण्याने शिवडीच्या किल्ल्यावर नेले. खाली चिखलात रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा, पलीकडे न्हावा शेवाकडे जाणारा, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू आणि दूरवर नांगरलेली जहाजे. दृश्य मनोहर होते. “जहाज धक्क्याला लागले की त्याचे मोठे यंत्र थांबते,” पुतण्या सांगू लागला, “पण दिवे, पंप, शीतपेट्या यांसाठी लहान यंत्रे रात्रंदिवस चालूच राहतात.” पुष्कळ जहाजांत जड, गंधकयुक्त तेल जळते. त्यातून गंधकाचा वायू, नत्राचे वायू आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल उतरणारी सूक्ष्म काजळी निघते. धक्क्यावरील याऱ्या आणि दारापाशी तिष्ठणारे मालमोटारींचे तांडे यांच्या डिझेलचा धूर त्यात मिसळतो. याच किनाऱ्यावर हाजी बंदरात पूर्वी कोळसा उतरत असे. आसपासच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि पुढे तो व्यवहार बंद झाला. लोकांनी नेट धरला तर काय होऊ शकते, याचे हे जवळचेच उदाहरण.

उपाय अज्ञात आहेत असे मुळीच नाही. स्वीडनमधील गोथेनबर्गने २००० साली आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिसने २००४ साली धक्क्यावरून जहाजास वीज पुरविण्यास आरंभ केला. वीज मिळाली की ती लहान यंत्रे बंद ठेवता येतात. युरोपीय संघाच्या बंदरांत २०१० पासून उभ्या जहाजास ०.१ टक्क्याहून अधिक गंधकाचे तेल जाळण्यास मनाई आहे. जगभरच्या जहाजांसाठी गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ साली ‘हरित सागर’ या नावाने बंदरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही धक्क्यावरील विजेचा पुरस्कार आहे. विजेवरील याऱ्या, मालमोटारींस नेमून दिलेली वेळ, रस्त्याऐवजी रेल्वे, हे उपाय तर कोणासही समजण्याजोगे आहेत. अर्थात, वीज कोळशाची असेल तर धूर एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, इतकेच होईल, ही शंका रास्त आहे. तथापि दाट वस्तीच्या नाकाशी निघणारा धूर प्रथम थांबविणे अगत्याचे आहे.

खर्च कोणी सोसावा, हा खरा प्रश्न. न्यायशास्त्र शिकताना धुरावरून अग्नीचे अनुमान करण्यास गुरुजींनी शिकविले होते. शिवडीच्या किल्ल्यावर मला धुरावरून आपल्याच गाठोड्याचे अनुमान करावे लागले. आज पेट्यांतून जाणारा बहुतेक माल पलीकडच्या न्हावा शेवा बंदरातून जातो. पण जिन्नस आमचा, पैसा आमचा आणि काजळी किनाऱ्यावरच्या सूनबाईंच्या फडक्यावर, हा हिशेब तसाच आहे. मालाच्या भाड्यात स्वच्छ धक्क्यापोटी चार पैसे अधिक पडले, तर खामगावच्या व्यापाऱ्याने आणि शेतकऱ्यानेही कुरकुर करू नये, असे मला वाटते. दीडशे वर्षे ते पैसे दुसऱ्यांच्या मुलांनी खोकून भरले आहेत.

परत आल्यावर सूनबाईंस पत्र टाकले : दिवाळीच्या सुटीत धाकट्यास इकडे पाठवा, येथे पहाटेची खिडकी उघडी असते. हा काही उपाय नव्हे, हे जाणतो. सुटी संपली की त्यास त्याच खिडकीशी परतावयाचे आहे.