एका थाऊची श्रीमंती

आमच्या मापनाच्या धंद्यात गाडीच्या रंगाला किंवा सीटच्या चामड्याला फारशी किंमत नसते. गाडी समोर आली की आम्ही दार लावल्याचा आवाज ऐकतो आणि दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते बोटाने चाचपतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गेज रूममध्ये हयात घालवलेल्या कुणालाही विचारा, ही खोड लग्नाच्या कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या सजवलेल्या गाडीपुढेही जात नाही. त्यामुळे ‘कॅडिलॅक’ म्हटलं की लोकांना एल्विस प्रेस्लीची गुलाबी गाडी आणि मागचे उंच पंख आठवतात, मला मात्र १९०८ सालचं इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स आठवतं.

त्या काळी मोटार जमवायची म्हणजे फिटरच्या हातात कानस हवीच. भाग मुद्दाम थोडा जाड ठेवायचा, लावून बघायचा, अडला की घासायचा, परत लावायचा. असं करत गाडी उभी राहायची. ती सुरेख चालायचीही, पण तिचे सगळे भाग फक्त तिचेच. शेजारच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा दट्ट्या काढून हिच्यात घातला तर तो एक तर अडकणार, नाहीतर खुळखुळणार. युरोपातल्या बड्या कारखानदारांना यात कमीपणा वाटत नव्हता. हाताची कारागिरी हीच उंची गाडीची खूण, असं ते मानायचे. अमेरिकन गाडी म्हणजे स्वस्त आणि कामचलाऊ, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कॅडिलॅकचे लंडनमधले विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी हा समज मोडायचा घाट घातला. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्यांनी आपल्या साठ्यातल्या तीन गाड्या चाचणीला दिल्या. निवड क्लबने केली. एक सिलिंडरच्या साध्याच गाड्या त्या. आधी त्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळवल्या आणि मग एका शेडमध्ये पार सुट्या केल्या. एका गाडीचे ७२१ भाग, तिन्हींचे मिळून २,१६३. ते सगळे एकत्र मिसळून टाकले. एवढ्यावर क्लबचं समाधान झालं नाही. ज्यांच्या मापात जराही कसूर चालत नाही असे ८९ भाग पंचांनी ढिगातून बाजूला काढले आणि त्यांच्या जागी बेनेट यांच्या कपाटातले कोरे सुटे भाग आणून टाकले. मेकॅनिकना हत्यारं दिली ती पाने आणि स्क्रूड्रायव्हर. कानशीला बंदी.

तीन गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. कुठल्या गाडीचं चाक कुठल्या गाडीला आणि कुठला पत्रा कुठे, त्यामुळे रंगांची सरमिसळ होऊन त्या बहुरूप्यासारख्या दिसत होत्या. त्याच अवस्थेत त्या ५०० मैल धावल्या. क्लबची त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली आणि ‘स्टँडर्ड ऑफ द वर्ल्ड’ हे बिरूद कंपनीने पुढे अनेक वर्षं मिरवलं. जाहिरातीतली बहुतेक बिरुदं फुकाची असतात. हे कमावलेलं होतं.

यामागचा माणूस म्हणजे हेन्री मार्टिन लेलंड. जन्म १८४३चा, व्हरमाँटमधल्या शेतकरी घरातला. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात कामाला होता. रणांगणावर मोडलेल्या बंदुकीला दुसऱ्या बंदुकीचा भाग बसला पाहिजे, ही निकड तिथे रोजची. पुढे ब्राउन अँड शार्प या मोजमापाची साधनं करणाऱ्या नामांकित कंपनीत त्याने हात आणि नजर घडवली. जाता जाता सांगतो, न्हाव्याचं केस कापायचं हातयंत्रही त्यानेच सुधारून बाजारात आणलं. पात्यावर पातं अलगद सरकलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाचे केस उपटले जाणार. इंजिन बांधायच्या आधी ही तालीम झाली, हे मला फार बोलकं वाटतं.

लेलंडचं मुख्य हत्यार होतं लिमिट गेज. शाफ्ट किंवा भोक तपासायला दोन टोकांचा गेज घ्यायचा. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. जात असेल तर भाग बाद. बस्स, एवढंच. कारागीर अनुभवी आहे की नवखा, त्याची नजर आज कशी आहे, याचा प्रश्नच मिटला. शॉप फ्लोअरवरची जुनी मंडळी इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात. आपला केस साधारण तीन थाऊ जाड असतो. लेलंडच्या कारखान्यात महत्त्वाच्या भागांचा हिशेब एकेका थाऊचा होता.

पण गेज बरोबर आहे हे कशावरून? त्याचं उत्तर स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी शोधलं होतं. त्यांचे पोलादी ठोकळे, म्हणजे आमचे स्लिप गेज, अमेरिकेत अगदी पहिल्यांदा वापरणाऱ्यांमध्ये लेलंड होता. हे ठोकळे हाताळायला मिळणं हा आमच्या धंद्यातला निखळ आनंद आहे. दोन ठोकळे स्वच्छ पुसायचे, एकावर एक आडवा टेकवायचा आणि हलकेच दाबत, फिरवत सरकवायचा. मध्येच बोटाला सूक्ष्म ओढ जाणवते आणि दोन्ही चिकटतात. गोंद नाही, चुंबक नाही. पृष्ठभाग इतके सपाट की मधे शिरायला काही उरतच नाही. वरचा उचलला तर खालचा लोंबकळत येतो. असे शंभराच्या आसपास ठोकळे निरनिराळे जुळवून हजारो मापं रचता येतात. धूळ मात्र त्यांची वैरी, आणि घामट बोटंही.

कॅडिलॅकचा जन्म मात्र एका बुडत्या कंपनीच्या पोटी झाला. १९०२मध्ये हेन्री फोर्ड आपल्या भागीदारांशी न पटल्याने ‘हेन्री फोर्ड कंपनी’तून बाहेर पडला. कारखाना विकून मोकळं व्हावं म्हणून भागीदारांनी यंत्रसामग्रीची किंमत ठरवायला लेलंडला बोलावलं. लेलंडजवळ त्याने ओल्ड्सच्या कंपनीसाठी सुधारलेलं, पण ओल्ड्सने नाकारलेलं एक इंजिन होतं. विकू नका, हे इंजिन घ्या आणि गाडी काढा, असं त्याने सांगितलं. डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव नव्या कंपनीला दिलं गेलं. पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोन हजारांवर गाड्यांच्या मागण्या नोंदल्या गेल्या आणि आठवडा संपायच्या आत ‘माल संपला’ असं जाहीर झालं. १९०९मध्ये विल्यम ड्युरंट यांच्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण कारभार लेलंड पिता-पुत्रांच्याच हाती ठेवला.

१९१२च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर आला, आणि अभियंत्याच्या नजरेने मला ती गोष्ट ब्रुकलँड्सइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडे हँडल मारून ट्रक सुरू करणारे क्लीनर ज्यांनी पाहिलेत, त्यांना उलटा झटका म्हणजे काय ते सांगायला नको. मनगटं मोडायची. इंजिन फिरवायला विजेची मोटर लावायची तर ती फार मोठी होईल, असं जाणकार म्हणत. चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं. तिथे त्यांना कळलेलं असं, की मोटर दिवसभर चालवायची नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहानशा मोटरवरही भरमसाट भार टाकता येतो. ती तापायच्या आत काम उरकतं. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरायची. कॅडिलॅकला दुसरी ड्यूअर ट्रॉफी याबद्दल मिळाली.

मग १९१५चं व्ही-८ इंजिन आलं. सुरुवातीला त्याने त्रास दिला आणि प्रतिस्पर्ध्यांनी टर उडवली. त्यावर थिओडोर मॅकमॅनस यांनी जी जाहिरात लिहिली, तिच्यात ना गाडीचं चित्र होतं ना कॅडिलॅकच्या इंजिनाबद्दल अक्षर. जो पुढे जातो त्याला बोलणी खावीच लागतात, एवढाच तिचा आशय. जाहिरातविद्येचे लोक आजही तिचे गोडवे गातात. मला ती जरा आगाऊ वाटते. इंजिनात दोष असेल तर तो दुरुस्त करावा, तत्त्वज्ञान सांगू नये.

१९१७मध्ये लेलंडचं ड्युरंटशी बिनसलं. युद्धासाठी विमानाची इंजिनं बनवायची, म्हणून तो बाहेर पडला आणि सत्तरी ओलांडल्यावर नवी कंपनी काढली. तरुणपणी आपलं पहिलं मत ज्याला दिलं, त्या अध्यक्षाचं नाव तिला दिलं : लिंकन. युद्धानंतर ती गाड्या करू लागली आणि कर्जात बुडाली. १९२२मध्ये लिलावात ती ८० लाख डॉलरला घेतली हेन्री फोर्डने, आणि थोड्याच महिन्यांत लेलंड बाप-लेक कारखान्याबाहेर झाले. फोर्डच्या मोडक्या कंपनीतून लेलंडने कॅडिलॅक उभी केली आणि वीस वर्षांनी लेलंडची मोडकी कंपनी फोर्डने उचलली. अमेरिकेच्या दोन श्रीमंत गाड्यांचा बाप एकच, आणि दोन्ही घरांतून तो गेला.

पुढचं युग गाड्यांचं रूप आखणाऱ्या हार्ली अर्लचं, म्हणजे दिसण्याचं. तरी मापाची शिस्त लगेच गेली नाही. गिअर बदलताना दातांची खरखर थांबवणारी सिंक्रोमेश पेटी १९२९च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकनेच आणली. जानेवारी १९३०मध्ये सोळा सिलिंडरचं इंजिन आलं, तेव्हा शेअर बाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते. मंदीत कॅडिलॅक बंद करायची वेळ आली. त्या वेळची एक हकीकत पीटर ड्रकर यांनी आठवणींत लिहिली आहे. कृष्णवर्णीयांना गाडी विकायची नाही, असं कंपनीचं धोरण होतं. सर्व्हिस विभाग सांभाळणाऱ्या निकोलस ड्रेस्टाट यांना मात्र दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांचे खरे मालक दिसत होते : कृष्णवर्णीय डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक. एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन ते त्याच्या नावाने गाडी घ्यायचे. ते पैसे आपणच का घेऊ नयेत, असा सवाल ड्रेस्टाट यांनी वरिष्ठांपुढे टाकला आणि धोरण बदललं. न्यायबुद्धीने नव्हे, हिशेबाने बदललं. १९३४मध्ये ड्रेस्टाट कॅडिलॅकचे प्रमुख झाले. शोरूमला न दिसणारं गिऱ्हाईक सर्व्हिसवाल्याला दिसतं, ही गोष्ट आजच्या डीलरांनीही लक्षात ठेवावी.

पंख आले १९४८मध्ये. लॉकहीडच्या पी-३८ या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून ते सुचले. सुरुवातीचे पंख चिमुकले, आणि त्यांच्यात एक गंमत होती. पेट्रोलचं झाकण बाहेरून दिसायचंच नाही. मागच्या दिव्याची कळ दाबली की अख्खा दिवा बिजागरीवर वर उचलायचा आणि खाली झाकण. ही युक्ती १९४१पासूनची. पुन्हा पुन्हा उघडझाप होऊनही दिवा जागच्या जागी बसला पाहिजे, यात टूलरूमची हुशारी आहे. १९५९पर्यंत मात्र पंख इतके वाढले की त्यांना शोभेपलीकडे काही कामच उरलं नाही.

खरी घसरण पुढची. १९८१मध्ये व्ही-८-६-४ इंजिन काढलं. वेग स्थिर झाला की झडपा मिटून दोन किंवा चार सिलिंडर झोपवायचे आणि पेट्रोल वाचवायचं. कल्पना उत्तम, आज ती कित्येक गाड्यांत असते. त्या काळचा संगणक मात्र संथ होता, गाडी हिसके द्यायची आणि मेकॅनिक सरळ वायर काढून आठही सिलिंडर कायमचे जागे ठेवायचे. पुढच्या वर्षी आलेली सिमरॉन म्हणजे जनरल मोटर्सचीच स्वस्त शेव्हर्ले कॅव्हेलियर. सुती साडीला पैठणीचा पदर जोडून पैठणीचा भाव सांगावा, तसला प्रकार. मग अलान्टे. हिच्या बॉड्या इटलीत तुरिनला बनायच्या आणि खास सजवलेल्या बोइंग ७४७मधून एका खेपेला ५६ अशा डेट्रॉइटला यायच्या. हिशेब जमणार कसा?

१९८९मध्ये लेक्सस ही जपानी उंची गाडी आली. चालत्या गाडीच्या बॉनेटवर पेल्यांचा मनोरा, तो हलत नाही. पुढच्या एका जाहिरातीत पत्र्यांमधल्या फटीवरून घरंगळत जाणारी पोलादी गोळी. लेलंडने जे ब्रुकलँड्सला दाखवलं, तेच जपानी आता टीव्हीवर दाखवत होते. १९९०मध्ये कॅडिलॅकला अमेरिकेचा राष्ट्रीय बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला, हे खरं आहे. पण ऑडिट पास होणं आणि माल चांगला असणं यांतलं अंतर आमच्या धंद्यातल्या कुणालाही नव्याने सांगावं लागत नाही. १९९८च्या अखेरीस उंची गाड्यांच्या विक्रीत अमेरिकेत आपणच पहिले, असं कॅडिलॅकने सांगितलं. काही महिन्यांनी आकडे फुगवले होते, हे कबूल करावं लागलं. खरी पहिली आली होती लिंकन.

आपल्याकडे जनरल मोटर्स १९२८मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला लागली होती. दुसऱ्या फेरीत तळेगावला कारखाना झाला, तिथे शेव्हर्ले बनायची. २०१७मध्ये कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली.

एस्कलेड या भल्यामोठ्या एसयूव्हीने कॅडिलॅकला पुन्हा पैसा मिळवून दिला. आता सेलेस्टिक नावाची विजेवरची गाडी आहे, हाताने बांधलेली, किंमत तीन लाख डॉलरच्या वर. माझी पसंती विचाराल तर १९४९ची कॅडिलॅक. नवं, हलकं, अधिक ताकदीचं व्ही-८ इंजिन आणि बेताचे पंख. याच इंजिनाच्या जोरावर १९५०मध्ये दोन कॅडिलॅक ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि दहाव्या-अकराव्या आल्या. तिच्यानंतर कंपनीने पुष्कळ मोठ्या आणि महागड्या गाड्या केल्या, तिच्याहून नेटकी एकही नाही.