तीन बरण्या

हॉबी निवडायच्या दिवशी घोडेस्वारीच्या यादीत माझं नाव बसलं नाही, एअरोमॉडेलिंगची यादी माझ्या आधीच भरली, म्हणून मी वर्कशॉपमध्ये गेलो. रविवारी घरी फोन करून सांगितलं की मी मासे पकडायच्या काठ्या दुरुस्त करायला शिकतोय. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्यासाठी हिमाचलात जावं लागतं होय रे?"

आमच्या अॅडव्हेंचर क्लबकडे अकरा काठ्या आहेत, बहुतेक फायबरग्लासच्या. काठीवर ठरावीक अंतरावर कड्या असतात आणि त्यांतून गळाची दोरी जाते. प्रत्येक कडीचे पाय बारीक नायलॉनच्या दोऱ्याने काठीला वेढून बांधलेले असतात आणि त्या वेढ्यांवर इपॉक्सीचा काचेसारखा थर असतो. कडी धरून ठेवतो तो दोरा. इपॉक्सी त्या दोऱ्याला पाण्यापासून आणि घासण्यापासून सांभाळते. कॅडेट्स काठ्या टेकडीवरून कशा घेऊन उतरतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना प्रत्येक ट्रिपनंतर दोन-तीन कड्या का हलायला लागतात हे सांगायला नको.

वर्कशॉपचे उस्ताद गढवाली आहेत. लॅन्सडाउनला भरती झाले, सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. नयार नदी जिथे गंगेला मिळते त्या व्यासघाटावर महसीरच्या मागे त्यांच्या कित्येक सुट्ट्या गेल्या आहेत. मासा धरायचा, बघायचा आणि परत सोडायचा, असं ते सांगतात. मोठा मासा सोडताना मनाला काय होतं, हे मात्र सांगत नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला आपली बोटं दाखवली. बरीच वर्षं त्यांनी हातमोजे न घालता इपॉक्सीचं काम केलं आणि हाताला लागलेलं स्पिरिटने पुसलं. स्पिरिटने ते निघतं असं वाटतं, पण पातळ होऊन ते कातडीत आणखी मुरतं. शेवटी त्यांच्या अंगाने ते घेणंच बंद केलं. आता एक थेंब जरी लागला तरी बोटांना फोड येतात आणि आठवडाभर जात नाहीत. म्हणून ते दोरा गुंडाळतात, कड्या रेषेत बसवतात, पण ओल्या इपॉक्सीला आणि तिच्या ब्रशला हात लावत नाहीत. ते काम कॅडेट्सचं. आम्ही नायट्राइलचे हातमोजे घालतो. कुठे लागलंच तर साबण आणि पाणी, दुसरं काही नाही.

माझं पहिलं वर्ष फक्त ब्रश धुण्यात गेलं.

मला वाटलं होतं, हे तर मला येतं. वाईला माझे काका दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे असतात, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. काम आलं की काढायचे, फडक्याला पुसायचे आणि लागायचं कामाला. ऑइल पेंटला वाळायला हवा लागते, रॉकेलखाली तो थांबून राहतो. इपॉक्सीचं तसं नाही. तिचे दोन भाग असतात, एक रेझिन आणि दुसरा हार्डनर. एकदा ते एकत्र आले की त्यांचं आपसात सुरू होतं आणि पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. हवा असो नसो, ब्रशच्या केसांत मुळाशी, पत्र्याच्या बांगडीच्या आतसुद्धा ती घट्ट होते. आणि एकदा घट्ट झाली की स्पिरिट नाही, अ‍ॅसिटोन नाही, कशानेही परत विरघळत नाही.

म्हणून आमच्या खिडकीपाशी तीन बरण्या असतात. तिन्हींत आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला आम्ही सगळे नुसतं स्पिरिट म्हणतो. अ‍ॅसिटोन जास्त जलद काम करतं, पण ते प्लॅस्टिकचे कप आणि ब्रशच्या दांड्यांचा रंगही खातं. शिवाय त्याची वाफ भलतीच लवकर पेट घेते. पेट तर स्पिरिटही घेतं. ओल्या थरातले बुडबुडे फोडायला आम्ही दिव्याची ज्योत क्षणभर खालून फिरवतो, तो दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि बरण्या उघडण्याआधी विझवलेला असतो.

काम संपलं की आधी ब्रश कोरड्या टिश्यूत धरून मुळापासून टोकाकडे दाबत पुसायचा, कागदावर डाग पडेनासा होईपर्यंत. बहुतेक जण इथेच घाई करतात. मग पहिली बरणी: तळाशी केस दाबून फिरवायचे, काढायचे, पुसायचे. मग दुसरी, परत पुसायचं. मग तिसरी. तिसरीतलं स्पिरिट ब्रश बुडवल्यावरही स्वच्छ दिसलं पाहिजे, नाहीतर परत पहिलीपासून. त्यानंतर तळहातावर साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत. शेवटी केस चिमटीत धरून आकार द्यायचा आणि ब्रश टोक खाली करून रात्रभर टांगायचा, म्हणजे ओल बांगडीत उतरत नाही. पहिली बरणी फार गढूळ झाली की ती बाजूला जाते, दुसरी पहिली होते, तिसरी दुसरी, आणि नवीन स्पिरिट तिसरीत. बाजूला ठेवलेलीत गाळ तळाला बसला की वरचं परत वापरात येतं. गाळ वेगळ्या डब्यात, मोरीत नाही.

सकाळी ब्रशची मेडिकल होते. अंगठ्याच्या नखावर केस वाकवून बघायचे. मुळापर्यंत मऊ वाकले तर शेप वन. टोचले तर लो मेडिकल, म्हणजे पुढे फक्त गोंद लावायला. आठवीतल्या पोरांना हा विनोद कळायला एक टर्म लागते.

पालकांना वाटेल, एवढा खटाटोप कशाला, स्वस्तातले ब्रश आणावेत आणि फेकून द्यावेत. आणून पाहिले. ते केस गाळतात, आणि पारदर्शक थरात अडकलेला एक केस भिंगाखाली ठेवल्यासारखा दिसतो. चांगला ब्रश डोंगराखालच्या शहरातून मागवावा लागतो. आमच्याकडे तसे चार आहेत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, क्रॉस कंट्रीच्या आदल्या संध्याकाळी, मी क्लबच्या दोन काठ्यांना इपॉक्सी लावली. तेव्हा मी अकरावीत होतो आणि ब्रशांचा चार्ज माझ्याकडे होता. थंडीत इपॉक्सी मधासारखी दाट होते, बाटल्या कोमट पाण्यात ठेवाव्या लागतात, त्यात वेळ गेला. रोल कॉलची शिट्टी झाली तेव्हा ब्रश माझ्या हातात होता. मी तो पहिल्या बरणीत दोनदा बुडवला, ओलाच फॉइलमध्ये गुंडाळला आणि चांगल्या ब्रशांच्या डब्यात ठेवून पळालो. सकाळी येऊन बाकीचं करीन असं मनात होतं. काकांचा रॉकेलचा डबाही असेल कुठेतरी मनात. सकाळी शर्यत झाली, दुपारी पाय वर करून डॉर्ममध्ये पडलो. ब्रश डोक्यातून पार गेला होता.

त्याच दुपारी उस्तादांनी आठवीतल्या एका मुलाला पहिल्यांदा इपॉक्सी लावायला दिली, तीही स्वतःच्या काठीवर. शिकायला सरकारी माल द्यायचा नाही, स्वतःचा द्यायचा, असा त्यांचा नियम आहे. ती व्यासघाटची काठी होती. उस्तादांनी आठही कड्या नव्याने बांधल्या होत्या, गडद हिरव्या दोऱ्यात. मुलाने दोन वेगळ्या सिरिंजनी तीन-तीन मिलिलिटर मोजलं, न फेटता सावकाश मिसळलं, फॉइलवर पसरवलं म्हणजे साठून तापू नये. मेसच्या भंगारातल्या मायक्रोवेव्हच्या मोटरीवर काठी सावकाश फिरत होती. त्याने डब्यातला पहिला हाताला लागला तो ब्रश उचलला. टोकाला केस मऊच होते, रात्रभर स्पिरिटमध्ये भिजलेले.

सोमवारी काठी पाहिली. थरात बारीक दाणे होते, आणि हँडलजवळच्या कड्यांवर अंगठा ठेवला की ठसा उमटत होता. बुधवारीही उमटत होता. इपॉक्सी चिकट राहिली की पहिला संशय मापावर जातो, दोन भाग सारखे नव्हते किंवा नीट मिसळले नव्हते. उस्ताद त्या मुलाला तेच म्हणाले, ओरडून नाही. दाणे धुळीचे असतील म्हणाले. मुलाने मान खाली घातली. आपल्याच हातून कमी-जास्त झालं असणार, असं त्यालाही वाटलं.

मी शेजारी उभा होतो आणि कड्या मोजत होतो. चिकट होत्या त्या पहिल्या तीन. पुढच्या पाच काचेसारख्या कडक. आठही एकाच कपातल्या. माप चुकलं असतं तर आठही चिकट राहिल्या असत्या. पहिल्या तीन कड्यांवर ब्रशमधलं स्पिरिट उतरलं होतं, आणि दाणे म्हणजे मुळाशी घट्ट झालेल्या इपॉक्सीचे कण. मी डबा उघडून तो ब्रश नखावर वाकवला. मुळाशी काडीसारखा टोचला. हे सोमवारीच झालं. बुधवारपर्यंत मी कोणालाही काही बोललो नाही. का, ते लिहायचा तीनदा प्रयत्न केला. लिहिलेलं प्रत्येक कारण खऱ्यापेक्षा बरं दिसत होतं, म्हणून खोडलं.

बुधवारी प्रेपच्या आधी उस्तादांकडे गेलो, ब्रश टेबलावर ठेवला आणि सांगितलं. त्यांनी ब्रशकडे पाहिलं, पण उचलला नाही.

"त्या मुलाला सांगितलंस?"

"नाही, उस्ताद."

"मग माझ्याकडे आधी का आलास?"

त्याच्या डॉर्ममध्ये गेलो तेव्हा तो बूट पॉलिश करत होता. मला बघून उभा राहिला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, सर." आठवीतला मुलगा अकरावीतल्याला दुसरं काय म्हणणार? त्याने वर्कशॉपमधून नाव काढून घेतलं होतं, आदल्याच दिवशी. एअरोमॉडेलिंगमध्ये एक जागा रिकामी झाली होती.

रविवारी उस्तादांनी सगळ्या क्लबसमोर काठी माझ्या हातात दिली आणि काय झालं ते मलाच सांगायला लावलं. तो मुलगा तिथे नव्हता. वरून आणखी एक थर दिला असता तर चिकटपणा झाकला गेला असता, पण दाणे राहिले असते. मी तिन्ही कड्या सोडवायला मागितल्या. गरम हवेने थर मऊ करायचा, पातं फक्त कडीच्या धातूच्या पायावर चालवायचं, काठीवर कधीच नाही, कारण काठीचा एक धागा कापला गेला तर ती पुढे कधीतरी तिथेच मोडते. मग दोरा सोलून काढायचा, घासायचं, परत बांधायचं. माझे वेढे उस्तादांइतके घट्ट बसेनात, दोनदा सोडून परत बांधले. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी इपॉक्सी लावली आणि ब्रश धुऊन टांगल्यावरच जेवायला गेलो. मेस बंद झालं होतं.

त्या मुलाला मी दोनदा परत बोलावलं. दोन्ही वेळा म्हणाला, "सर, मला ग्लायडर आवडतात." खरंही असेल.

गेल्या आठवड्यात तो वर्कशॉपच्या दारात आला. ग्लायडरच्या पंखाच्या सांध्याला इपॉक्सी लावायची होती, ब्रश हवा होता. मी शेप वन दिला. संध्याकाळी तो परत घेऊन आला, अजून ओला, साबणाचा वास असलेला, आणि मला न विचारता खिळ्याला टोक खाली करून टांगून गेला. सकाळी मी नखावर केस वाकवून पाहिले. मुळापर्यंत मऊ होते.