हशील भरतो कोण?

पत्रव्यवहाराच्या इतिहासात पत्र लिहावे कसे यापेक्षा पत्राचे पैसे कोणी द्यावेत, या प्रश्नानेच अधिक उलथापालथ केलेली दिसते. इंग्लंडात १८४० पूर्वी बहुधा पत्र घेणारा पैसे देई, आणि तेही अंतराच्या हिशेबाने. त्यामुळे पाकिटावर ठरलेली खूण करून पाठवावे आणि घेणाऱ्याने खूण पाहून पत्र परत करावे, अशा युक्त्या चालत असे सांगतात. रोलंड हिल यांच्या सुधारणेने हे ओझे लिहिणाऱ्याकडे आले. हिंदुस्थानात १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले आणि १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. तिकिटावाचून टाकलेले पत्र मात्र घेणाऱ्याच्याच गळ्यात पडे. महाराष्ट्रात त्यास ‘नॉटपेड’ म्हणत. आमच्या इंदुरात ते ‘बैरंग’.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना या कार्डाचे मोल निराळे सांगायला नको. आमचे पणजोबा सातारा जिल्ह्यातून होळकरांच्या चाकरीसाठी इंदुरात आले. त्यानंतरच्या तीन पिढ्यांची पत्रे एका कापडी गाठोड्यात माझ्याकडे आहेत. पत्त्यापुरता भाग सोडला तर कार्डावर रिकामी जागा म्हणून सापडत नाही. ‘सा. न. वि. वि.’ झाले की सोयरिकीची बोलणी, पावसाची खबर, शेताच्या वाटणीचा तंटा आणि शेवटी कडेने उभ्या ओळीत आजीचा लोणच्याविषयीचा निरोप. पैसे मोजलेले असल्याने जागा वाया घालवणे कोणास परवडत नव्हते. आमच्या घरात मराठी लिहिणे टिकले, त्याचे श्रेय मी शाळेइतकेच या कार्डांना देतो.

आता ते काम व्हॉट्सॲपवरील कुटुंबाचा समूह करतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पुणे आणि टोरांटो मिळून त्यात एकतीस माणसे आहेत. ग्वाल्हेरच्या आमच्या आत्यांचे वय चौऱ्याऐंशी. हात कापतो म्हणून त्या लिहीत नाहीत, बोललेले निरोप पाठवतात. त्यांच्या खास ग्वाल्हेरी वळणाच्या मराठीत मंगळागौरीची गाणी येतात, लष्करातल्या जुन्या वाड्याची वर्णने येतात. त्या सकाळी सातला बोलतात आणि टोरांटोतील नातवंडे आदल्या रात्रीच्या जेवणानंतर ते ऐकतात. ही सोय लहान नव्हे. तिला नावे ठेवणारा कृतघ्नच म्हणावा लागेल. तरीही मनात येते, की येथे तिकीट आत्या लावीत नाहीत आणि बैरंगाचे पैसे नातवंडेही देत नाहीत. मग हशील भरतो कोण?

आरंभी याचे उत्तर सरळ होते. पूर्वी याहू कंपनीत असलेल्या जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ साली ही सेवा काढली. जाहिराती घ्यायच्या नाहीत, हा त्यांचा बाणा होता. वापरणाऱ्याने पहिल्या वर्षानंतर दरसाल सुमारे एक डॉलर द्यावा, अशी योजना होती. म्हणजे तिकीटच, फक्त वर्षाचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा महिन्याला सुमारे ४५ कोटी माणसे तिचा वापर करीत. प्रत्येकाने नियमाने डॉलर दिला असता, तरी नुसते मुद्दल फिटायला चाळीसहून अधिक वर्षे लागली असती. पण झाले उलटेच. जानेवारी २०१६ मध्ये तो डॉलरही माफ झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वापरणाऱ्यांची काही माहिती फेसबुकला देण्याची अट आली. २०१७ मध्ये ॲक्टन आणि २०१८ मध्ये कूम बाहेर पडले.

आज पैसा येतो तो व्यापाऱ्याकडून. बँक, विमान कंपनी किंवा साड्यांची मोठी पेढी आपल्याला निरोप पाठवते, तेव्हा तिला दर पडतो. खरेदीचा आग्रह करणाऱ्या निरोपाचा दर साध्या पावतीपेक्षा चढा असतो. जुलै २०२५ पासून ही आकारणी निरोपागणिक होते. फेसबुकवरील जाहिरातीवर बोट ठेवताच दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर संभाषण उघडते. त्या जाहिरातीचेही पैसे दुकानदारच भरतो. जून २०२५ मध्ये तर ‘अपडेट्स’ या कप्प्यात, म्हणजे स्टेटस आणि चॅनेल यांच्या पानावर, उघड जाहिराती दाखविण्याचे जाहीर झाले. फेसबुकने २०२१ मध्ये मेटा हे नाव घेतले. या मेटाचे २०२४ चे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांच्या आसपास जाहिरातींचे.

पत्र मात्र फोडले जात नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. एप्रिल २०१६ पासून आपला निरोप पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. पण पाकिटाला बाहेरची बाजूही असते. आपला क्रमांक, फोनची जात, आपण तेथे केव्हा आणि किती वेळा जातो, कोणत्या नावाच्या समूहांत आहोत, कोणत्या दुकानाशी बोलतो, हे सारे त्या बाजूवर लिहिलेले असते. पूर्वीच्या पोस्टमनलाही पाकिटावरून पुष्कळ कळे, परंतु त्याचे टिपण ठेवणे हा त्याचा धंदा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या नव्या अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा, असा पेच आपल्यापुढे टाकण्यात आला. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली.

फुकटपणाचा आणखी एक परिणाम आपण पाहिला आहे. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस शब्द गाळून मग तार करी. एकच मजकूर शंभर जणांना पाठवायला काहीच पडत नसेल, तर तो खरा की खोटा हे पाहण्याइतके थांबावे असे कोणाला वाटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली.

आमच्या घरात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. अँड्रॉइड फोनांवरील व्हॉट्सॲपच्या राखीव प्रती गूगलच्या साठ्यात कित्येक वर्षे मोजदादीवाचून राहत. २०२४ पासून त्या प्रत्येकाच्या १५ जीबी मोफत जागेत धरल्या जाऊ लागल्या, त्यापुढे भाडे. लगेच समूहातील मंडळी जागा करण्यासाठी जुने निरोप पुसू लागली, आणि पुसण्याच्या यादीत सर्वांत वर आत्यांची लांबलचक बोलणी होती. आमच्या गाठोड्यातील सर्वांत जुने कार्ड शंभर वर्षे टिकले आहे. आत्यांचा आवाज दहा वर्षे तरी टिकेल, अशी हमी त्यात कोणी दिली नव्हती, आणि पैसे न देता ती मागायची कोणाकडे? ऑर्कुटवर आमच्या तरुण मुलांनी किती लिहिले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी तो सारा बाजारच उठला.

शेवटी पुण्याच्या पुतणीने आत्यांचे सर्व निरोप फोनातून काढले, प्रत्येकावर तारीख आणि विषय घातला आणि दोन डिस्कांवर उतरवले. एक डिस्क इंदुरात, एक पुण्यात. समूह बंद केलेला नाही, करण्याचे कारणही नाही. फक्त जे राखायचे ते आपल्या खर्चाने आपल्या घरी राखायचे, एवढे ठरले. आपल्या संस्थेचे हे त्रैमासिक वर्गणीवरच चालते आणि वर्गणी थकली की चिटणीसांचे स्मरणपत्र येते. तसेच स्मरणपत्र मी यंदा समूहावर टाकले. घरटी दोनशे रुपये. बहुतेकांनी फोनवरूनच भरले. आत्यांनी मात्र इंदुरास येणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती दोन नोटा पाकिटात घालून पाठवल्या, आणि पावती मागितली.